पोथीतील पाठभेद आणि पेशीतील प्रथिन

एखाद्या प्राचीन ग्रंथाच्या अनेक पोथ्या समोर आल्या, की संशोधक त्यांतील चुकांकडे विशेष लक्ष देतो. शुद्ध पाठ सर्वत्र सारखाच असणार. परंतु लेखनिकाची तीच चूक दोन पोथ्यांत त्याच जागी आढळली, तर दोन्हींचे मूळ एक असावे, असे अनुमान निघते. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९१९ ते १९६६ या काळात सिद्ध केली, ती पाठभेदांची तुलना करून आणि पोथ्यांचे गट लावूनच. सजीवांच्या पेशींतही अशा पोथ्या जतन झालेल्या आहेत.

सायटोक्रोम-सी हे प्रथिन त्यांपैकी एक होय. अन्नातून ऊर्जा मिळविण्याच्या क्रियेत ते इलेक्ट्रॉन वाहून नेते. माणूस, घोडा, गहू, इतकेच नव्हे तर पाव फुगविणारे यीस्ट, या सर्वांत ते आढळते. माणसात ते १०४ अमिनो आम्लांची साखळी असते. चिंपांझीची साखळी तिच्याशी शेवटच्या दुव्यापर्यंत जुळते. ऱ्हिसस माकडात एका जागी फरक पडतो, घोड्यात १२ जागी. यीस्टमध्ये हा फरक चाळिसाच्या घरात जातो. तरीही निम्म्याहून अधिक जागा तशाच राहतात. वॉल्टर फिच आणि इमॅन्युएल मार्गोलिॲश यांनी १९६७ साली २० जातींतील अशा फरकांवरून वंशवृक्ष मांडला. शरीररचना व जीवाश्म यांवरून ठरविलेल्या नात्यांशी तो बव्हंशी जुळला. दोन स्वतंत्र साक्षीदारांनी एकच हकिकत सांगावी, तसे हे झाले.

काम एकच, म्हणून साधनही सारखे, असा आक्षेप येथे घेतला जातो. तो टिकत नाही. स्वतःचे सायटोक्रोम-सी नसलेल्या यीस्टमध्ये माणसाचे जनुक घातले असता त्याचे श्वसन पुन्हा सुरू होते. म्हणजे चाळीसएक जागी भिन्न असलेली साखळीही तेच काम करू शकते. मग माणूस आणि चिंपांझी यांच्यात एकाही जागी फरक का नसावा? कामाची गरज हे त्याचे उत्तर नव्हे. समान पूर्वजाकडून आलेला वारसा हेच त्याचे सरळ उत्तर आहे.

हा पुरावा समजण्यास मोजणीपलीकडचे गणित लागत नाही. तरीही २०२३ साली एनसीईआरटीच्या दहावीच्या विज्ञान पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग वगळण्यात आला, तेव्हा अठराशेहून अधिक वैज्ञानिक व शिक्षकांनी निषेधपत्रावर सह्या केल्या. अभ्यासक्रमाचा भार हलका करणे हे कारण देण्यात आले. बारावीच्या जीवशास्त्रात हा विषय आहेच, असेही सांगण्यात आले. परंतु दहावीनंतर जीवशास्त्र सोडणाऱ्या विद्यार्थ्याच्या वाट्याला बारावीचे ते पान येत नाही. विज्ञानात मत कशाच्या आधारावर ठरते, हे दाखविणारे याहून सोपे उदाहरण क्वचितच सापडेल. पुस्तकातले पान गळाले, तरी वर्गातील फळा शिल्लक राहतो. त्यावर दोन साखळ्या लिहून फरक मोजावयास सांगणे कोणत्याही शिक्षकाच्या हाती आहे.