शेवटच्या ओळीपर्यंत

शिरोळ तालुक्यात उसाचं बिल खात्यावर जमा होतं, तेव्हा त्यामागे एक यादी असते. सभासदाचा कोड, नाव, टनेज, दर, सोसायटीची वसुली, निव्वळ रक्कम. कारखान्यांकडे संगणकप्रणाली आहेत, बँकांकडेही आहेत. पण कारखान्याची यादी विकास सोसायटीच्या यादीशी ताडायची आणि मग बँकेला हवी तशी मांडून द्यायची, हे मधलं जोडकाम कुरुंदवाडसारख्या गावांत पुष्कळ वेळा एक्सेलमध्येच होतं. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस पोचल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे असतात, उशीर झाला तर १५ टक्के व्याज. म्हणजे यादी करणाऱ्याच्या मागे कायम तगादा. तो एक ओळ बघतो, रक्कम उचलतो, दुसऱ्या शीटवर टाकतो, खालच्या ओळीवर येतो. हेच काम यंत्राला नेमून देणं म्हणजे सेलवर फिरणारा मॅक्रो.

या साधनाचा इतिहास फार जुना नाही. डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन यांचं व्हिजिकॅल्क १९७९ मध्ये आलं आणि रकाने-ओळींचा कागद पडद्यावर आला. १९८३ च्या लोटस १-२-३ मध्ये मॅक्रो होते, पण ते मुख्यतः दाबलेल्या कळांची नोंद ठेवणारे. एक्सेल १९८५ मध्ये मॅकिंटॉशवर आलं, आणि १९९३ च्या पाचव्या आवृत्तीत व्हीबीए ही भाषा त्यात बसली. आज आपल्याकडे ‘मॅक्रो लिहितो’ म्हणणारा माणूस बहुधा हीच भाषा लिहीत असतो.

या भाषेत ओळींवरून फेरा (लूप) मारायच्या दोन मुख्य रीती आहेत. ‘फॉर ईच’ म्हटलं की नेमून दिलेल्या पट्ट्यातला एकेक सेल हाती येतो. ‘फॉर आय’ म्हटलं की ओळीचा क्रमांक हाती येतो आणि त्या ओळीतल्या कुठल्याही रकान्यात डोकावता येतं. याद्यांच्या कामात दुसरी रीत जास्त उपयोगी पडते, कारण आपल्याला सुटा सेल नको असतो, सभासदाची अख्खी ओळ हवी असते.

फेरा कुठे थांबतो, हा माझ्या मते या सगळ्या विषयातला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे. पुष्कळ जण ‘सेल रिकामा लागेपर्यंत चाल’ असं लिहितात. यादीच्या मध्यावर एका सभासदाचा कोड भरायचा राहिलेला असतो. फेरा तिथे थांबतो, संदेश येतो ‘काम पूर्ण’, आणि त्याखालची सगळी माणसं यादीतून गळतात. कुठेही लाल अक्षर दिसत नाही. म्हणून शेवटची ओळ शोधायची ती खालून. शीटच्या तळाशी जायचं आणि तिथून वर चढत पहिला भरलेला सेल गाठायचा. व्हीबीएत त्याला ‘एंड एक्सएलअप’ म्हणतात. एका ओळीचा हा कोड, पण तो सगळ्यांत आधी शिकवायला हवा.

ओळी काढून टाकतानाही फेरा खालून वर न्यावा. सातवी ओळ काढली की आठवी वर सरकून सातवी होते, फेरा मात्र पुढे आठवर गेलेला असतो. एक ओळ न तपासता सुटली. दोन मयत सभासदांची नावं लागोपाठ असली, तर दुसरं नाव यादीत तसंच राहतं. फिल्टर लावून लपवलेल्या ओळींचंही ध्यानात ठेवावं लागतं. डोळ्यांना त्या दिसत नाहीत, पण फेरा त्यांच्यावरूनही जातो.

सगळीकडे फेरा लागतोच असं नाही. २०२४-२५ च्या हंगामाला केंद्राची एफआरपी, म्हणजे उसाचा रास्त आणि किफायतशीर दर, १०.२५ टक्के साखर उताऱ्याला टनाला ३,४०० रुपये होती, आणि त्यापुढे प्रत्येक ०.१ टक्क्याला ३३ रुपये २० पैसे. उतारा १२ टक्के धरला तर टनाला ३,९८१ रुपये, त्यातून तोडणी-वाहतूक वजा. एवढ्याला एक सूत्र पुरतं. ते पहिल्या ओळीत लिहून खाली ओढलं की झालं, आणि उद्या तपासणाऱ्यालाही ते समोर दिसतं. अशा ठिकाणी हौसेने मॅक्रो लिहिणं मला पटत नाही. आणि लिहिलाच, तर दर कोडमध्ये कोंबू नये, शीटवर वेगळ्या सेलमध्ये ठेवावा. पुढच्याच हंगामात मूळ दर ३,५५० झाला. कोडमध्ये दडलेला ३,४०० कोण शोधणार?

हिशेबात येणाऱ्या एका रुपयाच्या फरकाचं कारणही सूत्र आणि मॅक्रो यांच्यातल्या भेदात सापडतं. शीटवरचं ‘राउंड’ हे सूत्र अडीचचे तीन करतं. व्हीबीएतलं त्याच नावाचं फंक्शन अडीचचे दोन करतं, कारण बरोबर अर्ध्यावर ते जवळच्या सम संख्येकडे वळतं. नाव एक, रीत वेगळी. शेकडो ओळींच्या बेरजेत मग काही रुपये जुळत नाहीत आणि ताळा लावणारा रात्रभर बसून राहतो.

फेऱ्याची खरी कसोटी महापुरानंतर लागते. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये कृष्णा-पंचगंगेचं पाणी या तालुक्यात घराघरांत शिरलं. पाणी ओसरल्यावर पंचनामे आणि मदतीच्या याद्या झाल्या. अशा यादीत नावाशेजारी खातेक्रमांक, आयएफएससी आणि आधार असतो. एक्सेल कुठल्याही संख्येचे पहिले १५ अंकच धरून ठेवतं. सोळा अंकी खातेक्रमांक संख्या म्हणून टाइप केला, तर शेवटचा अंक शून्य होतो. सुरुवातीची शून्यं गळतात. बारा अंकी आधार साध्या रकान्यात ‘ई’ अक्षर घातलेल्या तोकड्या रूपात दिसतो. म्हणून टाइप करण्यापूर्वीच तो रकाना ‘टेक्स्ट’ करून ठेवायचा. एकदा शून्य झालेला अंक कुठल्याही मॅक्रोला परत आणता येत नाही.

आयएफएससीच्या बाबतीत मात्र फेरा मोठी मदत करतो. हा कोड ११ अक्षरांचा आणि त्यातलं पाचवं स्थान नेहमी शून्याचं. टाइप करणारा घाईत तिथे इंग्रजी ‘ओ’ मारतो आणि दोन्ही दिसतात सारखेच. फेऱ्याने प्रत्येक ओळीत लांबी मोजावी, पाचवं अक्षर पाहावं आणि चूक असेल तो सेल पिवळा करावा. पूरग्रस्ताचे पैसे बँकेतून परत जाण्याआधी चूक टेबलावरच सापडते. अशा छोट्या मॅक्रोसाठी मी कितीही वेळ द्यायला तयार आहे.

नावं जुळवणं हे आपल्या मराठी याद्यांचं खास दुखणं. जुन्या फाइली कृतीदेव किंवा शिवाजी फाँटमध्ये असतात. पडद्यावर ‘पाटील’ दिसतं, सेलच्या पोटात मात्र रोमन अक्षरं असतात. युनिकोडमधल्या ‘पाटील’शी ते कधीच जुळणार नाही, आधी रूपांतर करावं लागतं. युनिकोडमध्येही ‘कुऱ्हाडे’ मधला तो ‘ऱ्ह’ एकाहून अधिक प्रकारे साठवता येतो. डोळ्यांना फरक नाही, यंत्राला दोन वेगळी माणसं. नावामागची मोकळी जागा, ‘पाटील’ आणि ‘पाटिल’ हे तर रोजचंच. म्हणून तुलना नावावर करू नये, कोडवर करावी. नाव माणसाने खात्री करण्यापुरतं शेजारी ठेवावं.

व्हीबीएच्या लेखनखिडकीत देवनागरी टाइप केली तर प्रश्नचिन्हं उमटतात. ‘मयत’ हा शब्द कोडमध्ये लिहिताच येत नाही. ‘म’ साठी २३५० असा आकडा देऊन अक्षर घडवता येतं, पण अख्खा शब्द तसा रचणं जिकिरीचं. त्यापेक्षा ‘शब्द’ नावाचं एक शीट करावं, तिथे मराठी शब्द सरळ लिहावेत आणि मॅक्रोने ते तिथून वाचावेत.

‘ऑन एरर रिझ्यूम नेक्स्ट’ या आज्ञेबद्दल मला स्पष्ट बोलायचं आहे. ‘चूक आली तर दुर्लक्ष कर, पुढे चाल’ असा तिचा अर्थ. तीन ओळींसाठी, समजून-उमजून वापरली तर ठीक. अख्ख्या फेऱ्यावर ती पांघरणं म्हणजे ज्याची माहिती अडखळली त्यालाच वगळणं. रिकामा कोड, अक्षरात लिहिलेलं टनेज, दोनदा आलेला सभासद, असं काही लागलं की फेऱ्याने ती ओळ ‘अडलेले’ नावाच्या शीटवर कारणासह न्यावी. शेवटी मूळ ओळी, झालेल्या ओळी आणि अडलेल्या ओळी यांचा मेळ बसला पाहिजे.

असा मेळ घेतला नाही तर काय होतं, ते इंग्लंडमध्ये दिसलं. तिथे २०२० च्या शरदात १५,८४१ कोरोनाबाधितांची नोंद वेळेवर पुढे गेली नाही. जुन्या पद्धतीच्या एक्सेल फाइलमध्ये ६५,५३६ ओळीच मावतात, २००७ पासूनच्या पद्धतीत १०,४८,५७६. मर्यादा भरली आणि पुढच्या नोंदी निमूट गळल्या. मूळ ओळी आणि आलेल्या ओळी मोजून ताडल्या असत्या, तर त्याच दिवशी कळलं असतं.

मॅक्रो चालल्यावर कंट्रोल-झेड दाबून मागे येता येत नाही, म्हणून आधी फाइलची प्रत काढावी. बाहेरून आलेल्या फाइलमधला मॅक्रो अनोळखी असेल तर चालू करू नये. १९९९ चा मेलिसा हा विषाणू वर्डच्या मॅक्रोतूनच पसरला होता, आणि २०२२ पासून मायक्रोसॉफ्टने इंटरनेटवरून आलेले मॅक्रो मुळातच अडवायला सुरुवात केली. मॅक्रोला पर्यायही आहेत. याद्या जोडण्याचं बरंचसं काम आता एक्सेलमधलीच पॉवर क्वेरी फेऱ्याशिवाय करते. पायथनही एक्सेलमध्ये आलं आहे. लिब्रेऑफिस फुकट मिळतं, त्याचं स्वतःचं बेसिक आहे.

नव्याने शिकणाऱ्याने सुरुवात आयएफएससीच्या पाचव्या अक्षराच्या तपासणीपासून करावी. ती कुठलीही रक्कम बदलत नाही, फक्त रंग देते. आणि कोडमध्ये दर चार ओळींमागे आपण काय करतोय ते लिहून ठेवावं, देवनागरी चालत नाही म्हणून रोमन लिपीत का होईना, पण मराठीत. बदली होते, निवृत्ती येते. फाइल टेबलावर राहते आणि पुढचा माणूस त्या टिपणावरूनच पुढच्या हंगामाची बिलं काढतो.