दिवे चालू असतानाचा बिघाड

तार तुटून जमिनीवर पडते, तिच्यात वीज खेळत असते आणि तरीही फ्यूज उडत नाही. अमेरिकेतल्या टेक्सास ए अँड एम विद्यापीठात प्रा. डॉन रसेल १९७०च्या दशकापासून या जीवघेण्या कोड्याच्या मागे लागले. कोरड्या मातीतून किंवा डांबरी रस्त्यावरून जाणारा प्रवाह इतका थोडा असतो, की उपकेंद्रातल्या ब्रेकरला तो रोजच्या वापरासारखाच वाटतो. मात्र त्याची लहर वेगळी असते, वेडीवाकडी आणि थरथरती. ती ओळखण्याच्या कामातूनच पुढचा प्रश्न निघाला: तार तुटण्याआधीही लहरीत काही उमटत असेल का?

१९९०च्या दशकाच्या अखेरीस ईपीआरआय या वीज-संशोधन संस्थेच्या पाठबळावर त्याचा शोध सुरू झाला. रसेल आणि त्यांचे सहकारी कार्ल बेनर यांनी खांबाखांबावर सेन्सर लावले नाहीत. उपकेंद्रात प्रत्येक फीडरला, म्हणजे तिथून निघणाऱ्या प्रत्येक वीजवाहिनीला, एक यंत्र जोडलं. तिथे आधीपासून असलेल्या, प्रवाह आणि दाब मोजायला लागणाऱ्या सीटी-पीटींमधून ते प्रवाहाची आणि दाबाची लहर रात्रंदिवस बारकाईने पाहत राहिलं. या पद्धतीला ‘डिस्ट्रिब्यूशन फॉल्ट अँटिसिपेशन’, म्हणजे डीएफए, असं नाव पडलं.

या सगळ्या प्रवासात मला सर्वात मोलाची वाटते ती त्यानंतरची चिकाटी. यंत्राला एखादी विचित्र लहर दिसली, तरी तिचा अर्थ कुणाला ठाऊक होता? लाईनमनने खांबावर चढून करपलेला क्लॅम्प किंवा तडकलेला इन्सुलेटर शोधायचा आणि संशोधकांनी तो त्या लहरीशी जुळवायचा, असं वर्षानुवर्षं चाललं. त्यातून कळलं, की सैल क्लॅम्प कित्येक आठवडे ठिणग्या टाकत राहतो. घरांतले दिवे लुकलुकतात, तक्रार येते आणि कधी कधी दोष नसलेला ट्रान्सफॉर्मरच बदलला जातो. वाऱ्याने फांदी तारेला लागते, रिक्लोजर क्षणभर वीज तोडून परत जोडतो, आणि वीज लगेच परत आली म्हणून कुठेच नोंद होत नाही. पुढच्या वाऱ्यात तीच फांदी पुन्हा लागते.

याहून फसवा प्रकार तारा एकमेकींवर आदळण्याचा. लाईनच्या टोकाकडे शॉर्टसर्किट झालं, की तिकडे धावणाऱ्या प्रचंड प्रवाहाच्या चुंबकीय बळाने उपकेंद्राकडच्या तारा झुलतात आणि एकमेकींना भिडतात. वितळलेल्या ॲल्युमिनियमचे कण गवतावर पडतात. पथक टोकाकडचा बिघाड दुरुस्त करून परततं आणि जिथे तारा भिडल्या तो गाळा तसाच राहतो.

सप्टेंबर २०११मध्ये, भीषण दुष्काळात, जोरदार वाऱ्याने झाडं वीजवाहिन्यांवर पडून टेक्सासच्या बॅस्ट्रॉप परगण्यात वणवा पेटला. दोन माणसं गेली, सोळाशेहून अधिक घरं जळाली. त्यानंतर राज्याच्या पैशातून विद्यापीठाने वणवे रोखण्यासाठी हीच यंत्रं ग्रामीण वीज सहकारी संस्थांच्या फीडरवर बसवली. पुढे कॅलिफोर्नियातल्या कंपन्यांनीही ती तपासून पाहिली.

तरी लहरीला सगळं दिसत नाही. फेब्रुवारी २०२४मध्ये टेक्सासच्या उत्तरेला पेटलेल्या स्मोकहाउस क्रीक वणव्याने दहा लाखांहून जास्त एकर जमीन जाळली. त्याचं मूळ एका कुजलेल्या खांबात निघालं. लाकूड कुजताना प्रवाहात काहीच उमटत नाही. तिथे खांब ठोकून पाहणारा माणूसच लागतो आणि त्याने धोक्याची खूण केल्यावर तो खांब वेळेत बदलावाही लागतो.

बिघाडाआधी इशारा देऊ शकणारं एक साधन आपल्याकडेही येतंय. वीज वितरण सुधारण्याच्या २०२१च्या ‘आरडीएसएस’ या केंद्रीय योजनेतून ग्राहकांबरोबरच फीडर आणि डीपींनाही, म्हणजे वितरण ट्रान्सफॉर्मरनाही, स्मार्ट मीटर बसवायचे आहेत. वाद ग्राहकांच्या मीटरवर झाला, डीपीच्या मीटरबद्दल फारसं कुणी बोललं नाही. पंधरा मिनिटांनी किंवा अर्ध्या तासाने नोंद घेणारा मीटर क्लॅम्पची ठिणगी पकडू शकत नाही, हे मान्य. पण रब्बीत सगळे पंप एकदम सुरू झाल्यावर कोणत्या डीपीवर क्षमतेपेक्षा जास्त भार आहे, कोणता फेज एकटाच तापतोय, हे तो नक्की दाखवू शकतो. ही नोंद केवळ वीजगळतीच्या हिशेबासाठी मुख्यालयात साठवून ठेवू नये. ती रोज शाखा कार्यालयातल्या अभियंत्याला आणि लाईनमनला मिळाली पाहिजे, आणि ऐन गव्हाच्या पाण्याच्या वेळी डीपी जळण्याआधी भार वाटून देण्याची मुभा आणि सामानही त्यांच्या हाताशी असलं पाहिजे.