वोलोटुका आणि त्यानंतरच्या पायऱ्या

ऑस्ट्रेलियात सिडनीच्या उत्तरेला न्यूकॅसल हे कोळशाच्या बंदराचे शहर आहे. तिथल्या विद्यापीठात १९८३ साली ॲबोरिजिनल, म्हणजे आदिवासी, विद्यार्थ्यांना अभ्यासात आधार मिळावा म्हणून एक छोटा उपक्रम सुरू झाला. आज तो वोलोटुका इन्स्टिट्यूट या नावाने ओळखला जातो. त्याच्या इमारतीला बिराबान या आदिवासी माणसाचे नाव दिले आहे. एकोणिसाव्या शतकात लान्सलॉट थ्रेलकेल्ड या मिशनऱ्याने अवाबाकल ही तिथली आदिवासी भाषा लिहून काढली, ती त्याला बिराबानने शिकवली होती. पद नाही, पगार नाही, पण काम प्राध्यापकाचे! म्हणूनच हे नाव मला फार योग्य वाटते.

याच विद्यापीठाच्या वैद्यकीय शाखेने १९८५च्या सुमारास आदिवासी विद्यार्थ्यांसाठी वेगळी प्रवेशवाट खुली केली. नुंगार या आदिवासी समाजातल्या सँड्रा ईड्स इथूनच १९९० मध्ये डॉक्टर झाल्या. पुढे त्यांनी ॲबोरिजिनल बाळांच्या आरोग्यावर संशोधन केले. २००३ मध्ये त्या पीएचडी मिळवणाऱ्या पहिल्या ॲबोरिजिनल डॉक्टर ठरल्या. २०२० मध्ये पर्थच्या कर्टिन विद्यापीठात त्या वैद्यकीय शाखेच्या अधिष्ठाता झाल्या; देशात त्या पदावर पोहोचलेल्या त्या पहिल्या आदिवासी. पदवीपासून त्या खुर्चीपर्यंत तीस वर्षे गेली.

ही वाट एकट्याच्या जिद्दीवर सोडू नये, हे सरकारलाही पटले. २०१७ पासून आदिवासी विद्यार्थ्यांसाठीचे केंद्रीय अनुदान घेणाऱ्या विद्यापीठांना नोकरभरतीचे धोरण आखावे लागते. एकूण कर्मचाऱ्यांत किमान तीन टक्के आदिवासी असावेत आणि वरिष्ठ प्रशासनात निदान एक आदिवासी व्यक्ती असावी, अशी अपेक्षा आहे. आपल्याकडच्या आरक्षणाच्या बिंदुनामावलीसारखे हे बंधन नाही, ते उद्दिष्ट आहे. वंशभेदविरोधी कायद्यात विशेष उपायांना मुभा असल्याने काही जागा मात्र केवळ आदिवासी उमेदवारांसाठीच जाहीर करता येतात.

खरी अडचण रुजू झाल्यावर सुरू होते. बऱ्याच जागा विद्यार्थी साहाय्य केंद्रात किंवा कार्यालयात असतात, त्यातल्या कित्येक मुदतीच्या. अध्यापनात आलेल्या मोजक्या माणसांवर सगळे येऊन पडते. प्रत्येक समितीला आदिवासी सदस्य हवा, प्रत्येक समारंभात स्वागताला कुणी हवे, सहकाऱ्यांच्या शंका फेडायच्या, घरापासून दूर आलेली पोरे कोलमडली की रात्री-अपरात्री त्यांच्यासाठी धावायचे. या कामाला तिथे ‘सांस्कृतिक भार’ म्हणतात. ते टाळता येत नाही, कारण मदत मागणारी माणसे अनेकदा त्यांच्याच समाजातली असतात. बढतीच्या अर्जात मात्र मुख्यतः शोधनिबंध आणि संशोधन अनुदाने मोजली जातात. हा मला सरळ अन्याय वाटतो. विद्यापीठ ज्या कामाचा अभिमानाने अहवाल छापते, तेच काम करणाऱ्याला मागे ठेवते.

उपाय ठाऊक आहेत: कायम नेमणूक, पगार चालू ठेवून पीएचडीसाठी मोकळा वेळ, समाजातल्या कामाला बढतीत गुण. प्राध्यापक-कर्मचारी संघटनेने करारांतून सांस्कृतिक विधींसाठी रजा आणि आदिवासी भाषा वापरणाऱ्यांना भत्ता मिळवला, तोही लढून.

आपल्याकडे राखीव जागा भरली की नाही, इथेच चर्चा थांबते. आपल्या विद्यापीठाला पुढचेही विचारा: रुजू झालेल्या आदिवासी सहायक प्राध्यापकांपैकी किती जण प्राध्यापक झाले, किती विभागप्रमुख झाले?