नळजोडणीचे शुल्क : वाढीव शहराचा खर्च कोणी सोसावा?

नवे दुकान, गाळा किंवा घर बांधले की नळ आणि गटार जोडणीसाठी महानगरपालिकेत पैसे भरावे लागतात. हे शुल्क वाढवायचे म्हटले की बाजारात नाराजी पसरते. ती रास्तही असते. मात्र हा पैसा कशासाठी घेतात, हे आधी समजून घेतले पाहिजे.

पाणीपट्टी आणि जोडणी शुल्क या दोन वेगळ्या बाबी आहेत. पाणीपट्टी दरवर्षी येते. तिच्यातून वीजबिल, औषधे, दुरुस्ती आणि पगार भागतात. जोडणी शुल्क एकदाच भरायचे असते. शहर वाढले की नवे जलकुंभ, मोठ्या वाहिन्या आणि मलशुद्धीकरण केंद्रे लागतात. त्या खर्चाचा काही भाग नव्या ग्राहकाने उचलावा, हे वाढीव शुल्कामागचे तत्त्व.

शहरे किती वाढली ते पाहा. लातूरची लोकसंख्या 2001 साली सुमारे 3 लाख होती, ती 2011 च्या जनगणनेत 3 लाख 82 हजारांवर गेली. नांदेड-वाघाळा याच काळात 4 लाख 30 हजारांवरून साडेपाच लाखांवर गेले. दरडोई रोज 135 लिटरचा मापदंड धरला तर पाच माणसांच्या घराला 675 लिटर पाणी लागते. त्यातले सुमारे 80 टक्के, म्हणजे 540 लिटर, सांडपाणी होऊन बाहेर पडते. त्याची सोय झाली नाही तर ते नाल्यावाटे नांदेडात गोदावरीलाच मिळते.

आजवर मोठा भार सरकारी अनुदानाने उचलला. 2005 साली सुरू झालेल्या नेहरू नागरी पुनर्निर्माण योजनेत नांदेडची निवड झाली. त्या योजनेत नांदेडच्या आकाराच्या शहरांना केंद्राकडून 80 टक्के आणि राज्याकडून 10 टक्के मिळत. पालिकेने 10 टक्के घालायचे. 2015 च्या अमृत योजनेत अशा शहरांसाठी केंद्राचा वाटा निम्म्यावर आला. समजा, 2,000 नव्या जोडण्यांसाठी 2 कोटींचे काम आहे. पालिकेचा वाटा 10 टक्के असेल तर जोडणीमागे 1,000 रुपये पडतात. 25 टक्के असेल तर 2,500. अनुदान घटले की हा फरक कोणीतरी भरावाच लागतो.

काम वेळेवर झाले नाही तर काय होते, हे लातूरने पाहिले आहे. 2016 साली मांजरा धरण कोरडे पडले आणि एप्रिलपासून मिरजेहून रेल्वेने पाणी आले. पुढे एका खेपेस 25 लाख लिटर येऊ लागले. 135 लिटरच्या हिशेबाने ते जेमतेम साडेअठरा हजार माणसांचे एका दिवसाचे पाणी! बाकीच्यांची भिस्त टँकरवर. टँकरचे पैसे भरूनही हाती काही उरत नाही. वाहिनी मात्र वर्षानुवर्षे टिकते. अर्थात, धरणच आटले तर नुसत्या वाहिन्या काय करणार? म्हणून पाण्याचा स्रोतही पक्का हवा.

पण सरसकट वाढ न्याय्य नाही. शिवणकाम करणारा आणि मोठे हॉटेल यांना एकच दर कसा लावणार? एक इंची नळाचे तोंड अर्ध्या इंचीच्या चौपट असते. शुल्कही त्या मानाने असावे. शुल्क आवाक्याबाहेर गेले की चोरटे नळ वाढतात आणि त्यांचा बोजा प्रामाणिक ग्राहकावर पडतो. लातूरात 2008 साली पाणीपुरवठा खासगी कंपनीकडे गेला, तेव्हा मीटर आणि दरांवरून आंदोलने झाली. लोकांना विश्वासात न घेता केलेली वाढ टिकत नाही.

तेव्हा व्यापारी व कारागीर बांधवांनी चार मागण्या लावून धराव्यात : शुल्क नळाच्या आकारानुसार असावे, लहान कारागिरांना हप्ते मिळावेत, जमा रक्कम स्वतंत्र खात्यात राहावी, आणि त्या पैशातून कोणत्या प्रभागात काय काम झाले, ते दरवर्षी जाहीर व्हावे. आपल्या बाजूने गरजेपुरत्याच आकाराची जोडणी घ्यावी, पावती जपून ठेवावी आणि हॉटेल, खाटीक किंवा रंगकामवाल्यांनी तेल, चरबी व गाळ गटारात सोडू नये. पैसे भरणाऱ्यालाच हिशेब मागण्याचा हक्क असतो. तो आपण बजावला पाहिजे.