'पोहोचलो' : प्रवाशाच्या निरोपाची भाषा

परगावी गेलेल्या माणसाने घरी कळवावयाचा पहिला निरोप म्हणजे 'पोहोचलो'. माहितीच्या दृष्टीने हे वाक्य दरिद्रीच म्हणावयाचे. गाडी एव्हाना पोहोचली असणार हे घरच्यांना बहुधा ठाऊक असते. तथापि ते आले नाही, तर घराला झोप लागत नाही. काही सांगण्याहून संबंध अखंड असल्याची खूण पटविण्यासाठीच जी उक्ती योजिली जाते तिच्याकडे मॅलिनोव्स्कीने १९२३ साली लक्ष वेधले, आणि याकोब्सनने १९६० साली या संपर्ककार्याला भाषेच्या कार्यांत स्वतंत्र स्थान दिले. साधनांबरोबर या उक्तीचे रूप कसे पालटत गेले, हे मराठीच्या संदर्भात पाहण्याजोगे आहे.

पत्रात हे कार्य मुख्यतः मायन्याकडे असे. 'तीर्थरूप बाबांस', 'शि. सा. न. वि. वि.', 'इकडील सर्व कुशल' ही ठरीव पदे मजकुराआधीच नाते आणि क्षेम सांगून टाकीत. परंतु पत्राला दोन काळ असतात, लिहिण्याचा आणि वाचण्याचा. लॅटिन पत्रलेखक वाचणाऱ्याच्या काळाची कल्पना करून वर्तमानाऐवजी भूतकाळ योजीत. मराठीने तसा संकेत रूढ केला नाही. १८८३ साली आनंदीबाई जोशी अमेरिकेस गेल्यावर त्यांचे पत्र गोपाळरावांच्या हाती पडेपर्यंत कित्येक आठवडे लोटत. (गोपाळराव स्वतः टपालखात्यात नोकर होते, हा योगायोग मोठा बोलका आहे.) अशा पत्रातील 'कुशल आहे' हा वर्तमानकाळ वाचतेवेळी केवळ विश्वासावर उभा असे.

तारेने काळाचे अंतर तोडले. पण शब्दागणिक पैसे पडत असल्याने नात्याची पदे गळाली. देवनागरीतून तार करण्याची सोय पुढे झाली, तरी प्रघात बव्हंशी 'रीच्ड सेफली'चाच राहिला, आणि जुलै २०१३ मध्ये ती सेवाच बंद झाली. इंग्रजी क्रियापदाला लिंगवचनाची खूण नाही. मराठीत पुरुष 'पोहोचलो' म्हणतो, स्त्री 'पोहोचले', आणि विदर्भातील असेल तर पुष्कळदा 'पोहोचली'. म्हणजे बोलणाराची ओळख प्रत्ययातच उमटते. मात्र पुल्लिंगी एकवचन आणि अनेकवचन येथे एकरूप असल्याने 'पोहोचलो' ऐकून आई विचारते, 'सगळे ना?' व्याकरणातील संदिग्धतेचे याहून घरगुती उदाहरण सापडणे कठीण.

दूरध्वनीने आवाज आणला. लखनौ आणि कानपूर यांच्यामध्ये १९६० साली थेट क्रमांक फिरविण्याची सोय झाली. इतरत्र ट्रंक कॉल नोंदवून तासन्‌तास वाट पाहणे दीर्घकाळ चालू होते. त्या काळातील 'ठेवतो' हे निरोपाचे क्रियापद आजही टिकून आहे, वस्तुतः मोबाइलवर ठेवावयाचे असे काहीच नसते. पुढे 'मिस्ड कॉल' आला. एक घंटा वाजवून बंद केली की पोहोचलो, असा घरोघरी ठराव. शब्द नाही, खर्च नाही, अर्थ मात्र पुरा. संपर्ककार्याचे इतके शुद्ध रूप क्वचितच आढळेल. व्हिडिओ कॉलवर याच्या उलट होते : पहिली काही मिनिटे 'दिसतोय का?', 'आवाज येतोय का?' यांतच जातात. याकोब्सनने दिलेले एक उदाहरणही दूरध्वनीवरील अशाच पृच्छेचे होते.

व्हॉट्सॲपमुळे एका 'पोहोचलो'ची मालिका झाली. 'निघालो', नंतर नुसते 'लोणावळा', नंतर 'पोहोचतोय'. येथे क्रियापद नसलेले ग्रामनाम हेच पूर्ण वाक्य होय. परंतु खरा पालट घडला तो चालू स्थान नकाशावर पाठविण्याच्या सोयीने. 'पोहोचलो' या वाक्याला वक्ता आहे. नकाशावर सरकणाऱ्या ठिपक्याला तो नाही. वक्ता असल्यामुळेच पूर्वी ताप अंगात असतानाही 'मी मजेत आहे' असे लिहिता येई, आणि घरच्यांना काळजी नको म्हणून लिहिलेल्या या असत्याला कोणी असत्य म्हणत नसे. ठिपक्याला ही सवलत नाही. तो रस्त्यात थांबला की घर अस्वस्थ होते. आणि निळ्या खुणा उमटूनही उत्तर न आल्यास मौनाचाच अन्वयार्थ लावला जातो. पाळत आणि काळजी यांतील सीमा कोठे आखावी, हा प्रश्न विशेषतः एकट्याने प्रवास करणाऱ्या मुलींच्या बाबतीत अनेक घरांत अनिर्णितच आहे. शिवाय ठिपका मुक्कामी स्थिरावलेला दिसत असतानाही घरून विचारणा होतेच, 'पोहोचलीस का गं?' आणि उत्तर येईपर्यंत फोन हातातून खाली ठेवला जात नाही.