बशीतला चहा आणि निबेखालची शाई

कोरा चहा बशीत ओतला की सोनेरी दिसतो. तोच चहा काचेच्या ग्लासात लालसर तपकिरी दिसतो. चहा एकच, पाणीही तेच. बदलली ती फक्त थराची जाडी. शाईच्या पेनाने लिहिणाऱ्या हौशी मंडळींना ज्या गोष्टीची भुरळ पडते, ती नेमकी हीच. अक्षराची रेघ सुरू होताना फिकट असते, खाली उतरताना भरत जाते आणि शेवटी गडद होऊन थांबते. रंग एकच, छटा मात्र तीन-चार. याला ‘शेडिंग’ म्हणतात.

असे शेडिंग मिळावे म्हणून लवचीक निबेचे पेन घेतले जाते, शाईची सुंदर बाटली आणली जाते आणि पहिल्याच पानावर हिरमोड होतो. रेघ जाड-बारीक होते, पण रंग सगळीकडे सारखाच सपाट. नाहीतर जाड रेघ मधोमध कोरडी राहते आणि रेल्वेच्या रुळांसारख्या दोनच कडा उमटतात. अशा वेळी आपण हाताला किंवा पेनाला दोष देतो. पुष्कळदा दोष शाईच्या निवडीत असतो. शाई घेताना आपण तिचा रंग पाहतो, स्वभाव पाहत नाही. आणि चुकीची शाई केवळ पान बिघडवत नाही, निबही खराब करू शकते.

दाट शाई सपाट का दिसते?

शाईचा थर प्रकाशाचा काही भाग शोषून घेतो. थराची जाडी आणि रंगद्रव्याचे प्रमाण वाढले की शोषण कसे वाढते, याचा नियम लॅम्बर्टने १७६० मध्ये आणि बेअरने १८५२ मध्ये मांडलेल्या विचारांतून तयार झाला. त्याचे सार सोपे आहे : प्रत्येक नवा थर उरलेल्या प्रकाशाचा तेवढाच हिस्सा अडवतो.

समजा, एका थरातून निम्मा प्रकाश पार होतो. मग दोन थरांतून २५ टक्के आणि तीन थरांतून साडेबारा टक्के पार होईल. हा फरक डोळ्यांना स्पष्ट कळतो. आता फार दाट शाई घेऊ. तिच्या एकाच थरातून ४ टक्के प्रकाश पार होत असेल, तर दोन थरांतून ०.१६ टक्के होईल. गणितात फरक मोठा आहे, पण डोळ्याला दोन्ही काळेच दिसते. म्हणून बाटलीत सर्वांत गडद आणि भारदस्त दिसणारी शाई शेडिंगसाठी बहुधा निरुपयोगी ठरते. उलट फारच फिकट शाई घेतली, तर बारीक रेघा वाचताच येत नाहीत. आपल्याला हवी मध्यम दाटीची शाई.

काही रंगांत आणखी एक गंमत घडते. नारिंगी शाईचा पातळ थर प्रामुख्याने निळा प्रकाश अडवतो, म्हणून तो पिवळसर दिसतो. थर जाड झाला की हिरवा प्रकाशही अडतो आणि उरतो तो लाल. इथे नुसती दाटी बदलत नाही, रंगच बदलतो. बशीतल्या चहाचेही हेच. म्हणूनच नारिंगी, तपकिरी, शेवाळी हिरवा आणि करडा या रंगांत शेडिंग खुलून दिसते. गडद निळा, काळा आणि गडद जांभळा यांत ते शोधावे लागते.

निब काय करते?

निबेच्या मधोमध एक चीर असते. दाब दिला की चिरेच्या दोन्ही बाजू फाकतात आणि रेघ रुंद होते. दाब काढला की त्या पुन्हा जुळतात. सोन्याची निब म्हणजे लवचीक, असा समज आहे. प्रत्यक्षात लवचीकपणा धातूइतकाच, किंबहुना त्याहून जास्त, निबेच्या जाडीवर आणि घडणीवर अवलंबून असतो. टाकाच्या पोलादी निबाही उत्तम लवचीक असतात.

शाई या चिरेतून केशाकर्षणाने उतरते. चीर जितकी अरुंद, तितकी ही ओढ जास्त. दाब दिल्यावर चीर रुंदावते, म्हणजे ऐन शाईची गरज वाढते तेव्हाच ओढ कमी होते. ०.४ मिलिमीटरची रेघ १.६ मिलिमीटर झाली, तर तेवढ्याच लांबीला सुमारे चौपट शाई लागते. निबेखालच्या पन्हळीतून, म्हणजे फीडमधून, तेवढा पुरवठा झाला नाही की दोन बाजूंमधला शाईचा पडदा फाटतो. रूळ पडतात ते यामुळे.

इथेच खरा पेच आहे. रूळ पडू नयेत म्हणून मोकळी वाहणारी शाई हवी. अशा शाईत पृष्ठताण कमी करणारे घटक असतात. पण तीच शाई कागदावर चटकन पसरते, मुरते आणि छटा पुसून टाकते. शेडिंगसाठी शाईने कागदावर क्षणभर साचून राहायला हवे. त्यामुळे निवडायची ती रेघेच्या मध्यावर न तुटणारी, पण कागदात न पळणारी शाई. पेन सढळ वाहणारे असेल, तर किंचित कोरडी शाई चालते. पेन मुळातच हात आखडून शाई देत असेल, तर मोकळी शाई घ्यावी आणि थोडे शेडिंग सोडून द्यावे.

बाजारात काय पाहावे?

नूडलर्सची ‘अपाची सनसेट’ ही शाई पिवळ्यापासून तांबूस नारिंगीपर्यंतच्या छटांसाठी पेनप्रेमींत प्रसिद्ध आहे. लिव्हरपूलच्या डायमिन कंपनीची ‘एन्शंट कॉपर’ तांबूस तपकिरी आहे, तर जर्मन रोरर अँड क्लिंग्नरची ‘आल्ट-गोल्डग्रून’ सोनेरी हिरवी. या दोन्हींत छटा उठून दिसतात. जपानच्या पायलटच्या ‘इरोशिझुकु’ मालिकेतील शाई सहसा मोकळी वाहते. भुकेल्या लवचीक निबेला ती उपयोगी पडते.

दोन गोष्टींची गल्लत करू नये. रेघेवर तिरपे पाहिल्यावर दिसणारी धातूसारखी लालसर झाक म्हणजे शेडिंग नव्हे. ते पृष्ठभागावर सुकलेल्या दाट रंगद्रव्याचे परावर्तन असते. आणि चमकीचे कण घातलेली शाई अरुंद फीडमध्ये गाळ साठवते. चित्रकलेची लाखयुक्त काळी ‘इंडिया इंक’ तर फाउंटन पेनात कधीच भरू नये. ती आत सुकली की पेन गेलेच म्हणून समजावे.

बाळगुटीतले मायफळ

शेडिंगचा सर्वांत जुना धनी म्हणजे लोहयुक्त शाई. ओक जातीच्या झाडावर कीटकांमुळे गाठी येतात. आपल्या बाळगुटीत उगाळतात ते मायफळ म्हणजे हीच गाठ. तिच्यातील टॅनिन आणि हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, एकत्र आले की शाई तयार होते. युरोपात शतकानुशतके दस्तऐवज या शाईने लिहिले गेले. आपल्याकडे हिरडा आणि हिराकस यांपासून काळा रंग करतात, त्यामागचे रसायनशास्त्र हेच.

ही शाई कागदावर फिकट उतरते. हवेतल्या ऑक्सिजनने लोहाचे रूप बदलते आणि रेघ हळूहळू काळवंडते. जिथे शाई जास्त साचली, तिथे काळेपणा जास्त. साध्या कागदावरही ती कमी फुटते. शिवाय पाण्याने सहसा धुऊन जात नाही. साधी रंगद्रव्याची शाई मात्र उन्हात उडू शकते आणि पाण्याच्या एका थेंबाने पसरू शकते. नातवंडांसाठी जपायचे पत्र लिहायचे असेल, तर हा फरक छटेपेक्षा महत्त्वाचा आहे.

पण ही शाई आम्लधर्मी असते. साध्या पोलादी निबेला ती खाते, पेनात सुकली तर फीडमध्ये साका धरते. फाउंटन पेनासाठीच बनवलेली सौम्य लोहयुक्त शाई घ्यावी, उदाहरणार्थ रोरर अँड क्लिंग्नरची ‘सालिक्स’ किंवा प्लॅटिनमची ‘क्लासिक’ मालिका. पेन रोज वापरावे, दोन-तीन आठवड्यांनी धुवावे आणि बंद ठेवायचे असेल तर रिकामे करून ठेवावे.

देवनागरीत काय होते?

लवचीक निबेचे वळण रोमन लिपीच्या तिरप्या अक्षरांसाठी घडले. तिथे खाली येणारी रेघ जाड आणि वर जाणारी बारीक असते. आपल्या बोरूची जाड-बारीक रेघ दाबातून येत नाही. ती तिरक्या कापलेल्या टोकातून येते. त्यामुळे लवचीक निबेने मराठी लिहिताना बोरूचे वळण मिळणार नाही, हे आधीच स्वीकारावे. मिळते ते वेगळेच. शिरोरेषा झरझर ओढली जाते, म्हणून फिकट राहते. काना दाबाने खाली येतो आणि त्याच्या तळाशी हात थांबतो, तिथे शाईचा थेंब साचून गडद ठिपका उमटतो. ओळभर कान्यांचे हे गडद पाय फार देखणे दिसतात. दाब मात्र फक्त खाली येताना द्यावा. वर जाताना दाबले तर निब कागदात रुतते. मर्यादेबाहेर फाकवली तर ती पुन्हा जुळत नाही.

घरी करून पाहा

नवी शाई पेनात भरण्याआधी कापसाची काडी तिच्यात बुडवून कागदावर एक पट्टा ओढा. सुकल्यावर अर्ध्या पट्ट्यावर दुसरा आणि त्याच्या अर्ध्यावर तिसरा थर द्या. तिन्ही भाग स्पष्ट वेगळे दिसले, तर शेडिंग मिळेल. पहिलाच भाग गडद असेल, तर शाई फार दाट आहे. हीच चाचणी गुळगुळीत आणि साध्या वहीच्या कागदावर करा. शोषक कागदावर महागडी शाईही सपाट दिसते, आणि टीपकागद लावला तर साचलेली छटा तोच पिऊन टाकतो.

हाताचीही चाचणी करा. लवचीक निबेला दाब हलका लागतो. बोटे पांढरी पडत असतील, अंगठ्याच्या मुळाशी दुखत असेल, तर निब त्या हातासाठी ताठ आहे किंवा पकड घट्ट आहे. थांबा, हात सैल करा आणि लिहिण्याचा वेळ कमी करा. शाईच्या बाटल्या मुलांच्या हाती लागू देऊ नका. बाटलीत जाळे किंवा कुबट वास आला तर ती बुरशी आहे. अशी शाई पेनात न भरता टाकून द्या. दोन कंपन्यांची शाई आपल्या मनाने एकत्र करू नका, साका बसू शकतो.

आणि घरातली शाई फार दाट निघाली तर? १९३१ साली मुंबईत दांडेकर आणि कंपनी सुरू झाली, तीच पुढे कॅम्लिन झाली. ‘हॉर्स ब्रँड’ शाईची पूड आणि वड्या हे तिचे पहिले उत्पादन. वडी पाण्यात विरघळवून शाई करणाऱ्या घरात दाटी किती ठेवायची, हे लिहिणाराच ठरवू शकत असे. आजही ते करता येते. रंगद्रव्याची साधी शाई थोडीशी वेगळी काढा, तिच्यात ऊर्ध्वपातित पाणी थेंबाथेंबाने मिसळा आणि प्रत्येक वेळी कापसाच्या काडीने पट्टा ओढून पाहा. पाण्याने शाईतले बुरशीरोधकही पातळ होते, म्हणून आठवडाभरात संपेल एवढीच करा. लोहयुक्त शाईत मात्र पाणी घालू नका. नवी बाटली विकत घेण्याआधी एवढा प्रयोग पुरेसा आहे. कित्येकदा हवी असलेली छटा जुन्याच बाटलीत, थोड्या पाण्याआड असते.