श्वास सांभाळणाऱ्यांचा न संपणारा अभ्यास

आपल्यापैकी अनेकांची मुले-नातवंडे अमेरिकेत आहेत. कुणी वर्षातले चार-सहा महिने त्यांच्याकडे काढतात, तर कुणी उतारवयात तिकडेच राहायला गेले आहेत. अशाच एका घरातल्या आजोबांची कल्पना करा. त्यांना फुप्फुसांचा जुनाट विकार, म्हणजे सीओपीडी आहे. थंडीत कफ वाढला, धाप लागली, चार दिवस रुग्णालयात काढावे लागले आणि घरी येताना ऑक्सिजनचे यंत्र सोबत आले. दुसऱ्या दिवशी एक तरुणी घरी येते, यंत्र सुरू करते, नाकातली नळी कशी बसवायची ते दाखवते, किती लिटरवर ठेवायचे ते सांगते. ती डॉक्टर नाही, परिचारिकाही नाही. तिच्या ओळखपत्रावर नावापुढे ‘आरआरटी’ अशी तीन अक्षरे आहेत. आजींच्या मनात साहजिकच प्रश्न येतो : हिने हे शिक्षण घेतले कधी? आणि त्यानंतर बदललेल्या गोष्टी हिला कुणी शिकवल्या?

प्रश्न रास्त आहे. आपल्या माणसाचा श्वास ज्याच्या हाती आपण सोपवतो, त्याचे ज्ञान ताजे आहे की शिळे, हे जाणून घेण्याचा आपल्याला अधिकार आहे.

हे तज्ज्ञ कोण?

अमेरिकेत श्वसनोपचार हा एक स्वतंत्र व्यवसाय आहे. तो करणाऱ्यांना रेस्पिरेटरी थेरपिस्ट म्हणतात. आपण त्यांना श्वसनोपचारतज्ज्ञ म्हणू. अतिदक्षता विभागात व्हेंटिलेटर सांभाळणे, रक्तातील वायूंची तपासणी करणे, नेब्युलायझर देणे, फुप्फुसांची क्षमता मोजणे, इनहेलर कसा घ्यावा हे शिकवणे, घरी ऑक्सिजनची व्यवस्था लावणे, अशी त्यांची कामे असतात. त्यांची राष्ट्रीय संघटना 1947 मध्ये शिकागोत स्थापन झाली, तेव्हा ती प्रामुख्याने ऑक्सिजनची सिलिंडरे हाताळणाऱ्यांची संघटना होती. आज या व्यवसायासाठी किमान दोन वर्षांचा मान्यताप्राप्त अभ्यासक्रम आणि त्यानंतर राष्ट्रीय परीक्षा द्यावी लागते. परीक्षेतील गुणांची पहिली पायरी ओलांडली की ‘सीआरटी’ ही पदवी मिळते. त्याहून वरची पायरी गाठून, रुग्णाच्या खाटेजवळ निर्णय कसे घ्यावेत याची वेगळी परीक्षाही उत्तीर्ण झाली की ‘आरआरटी’.

एवढ्यावर काम सुरू करता येत नाही. प्रत्येक राज्याचा परवाना वेगळा घ्यावा लागतो. अलास्का वगळता अमेरिकेतील सर्व राज्यांत हा परवाना कायद्याने आवश्यक आहे.

परवाना कायमचा नसतो

आपल्याकडे पदवीचा कागद चौकटीत बसवून भिंतीवर लावला की तो जन्मभराचा झाला, अशी एक समजूत आहे. श्वसनोपचाराच्या परवान्याचे तसे नाही. तो ठरावीक मुदतीचा असतो आणि नूतनीकरण करायचे तर मधल्या काळात किती तास शिक्षण घेतले याचा हिशेब द्यावा लागतो. कॅलिफोर्नियात दर दोन वर्षांनी 30 तास, टेक्ससमध्ये दर दोन वर्षांनी 24 तास, न्यूयॉर्कमध्ये दर तीन वर्षांनी 30 तास, अशी ही सक्ती आहे. फ्लोरिडात 24 तासांपैकी 2 तास वैद्यकीय चुका कशा टाळाव्यात या एकाच विषयासाठी राखून ठेवलेले असतात. कॅलिफोर्नियात कायदा आणि व्यावसायिक नीती यांचा अभ्यासक्रमही ठरावीक काळाने पुन्हा करावा लागतो.

हे तास परिषदा, व्याख्याने, रुग्णालयातील वर्ग किंवा संगणकावरचे मान्यताप्राप्त पाठ यांतून भरता येतात. प्रमाणपत्रे जपून ठेवावी लागतात. राज्याचे मंडळ अधूनमधून काही नावे निवडून ती तपासते. हिशेब जुळला नाही तर दंड होऊ शकतो, परवाना थांबवलाही जाऊ शकतो. मग त्या व्यक्तीचा अनुभव वीस वर्षांचा असला तरी तिला रुग्णाला हात लावता येत नाही.

ही सक्ती कशासाठी?

अनुभवी माणसाला पुन्हा वर्गात कशाला बसवायचे, असे आपल्याला वाटेल. उत्तर तीन उदाहरणांतून स्पष्ट होईल. तिन्ही गोष्टी आपल्या घरातल्या रुग्णापर्यंत पोहोचतात.

पहिले उदाहरण व्हेंटिलेटरचे. फुप्फुसांना तीव्र सूज आलेल्या रुग्णाला दर श्वासाला भरपूर हवा द्यावी, अशी पद्धत अनेक वर्षे रूढ होती. 2000 साली अमेरिकेतील मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. 861 रुग्णांपैकी काहींना अपेक्षित वजनाच्या दर किलोमागे 12 मिलिलिटर, तर काहींना 6 मिलिलिटर हवा दिली गेली. जास्त हवेच्या गटात 39.8 टक्के रुग्ण दगावले, कमी हवेच्या गटात 31 टक्के. जास्त हवेने नाजूक फुप्फुसे ताणली जात होती. 1995 साली उत्तम गुणांनी उत्तीर्ण झालेला, पण पुढे काहीच न शिकलेला तज्ज्ञ अगदी प्रामाणिकपणे आपले काम करत राहिला असता आणि त्याच्या हातून रुग्णाचे नुकसान होत राहिले असते.

दुसरे उदाहरण ऑक्सिजनचे, म्हणजे थेट आपल्या आजोबांचे. धाप लागली की भरपूर ऑक्सिजन द्यावा, हे कुणालाही पटण्याजोगे वाटते. परंतु सीओपीडीच्या काही रुग्णांत जास्त ऑक्सिजनमुळे शरीरातला कार्बन डायऑक्साइड साठत जातो. गुंगी येते, गोंधळ होतो आणि श्वास मंदावतो. ऑस्ट्रेलियातील टास्मानिया येथे रुग्णवाहिकेतील 405 रुग्णांवर झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष 2010 मध्ये प्रसिद्ध झाले. काहींना सरसकट भरपूर ऑक्सिजन, तर काहींना मोजून, म्हणजे रक्तातील प्रमाण 88 ते 92 टक्क्यांच्या दरम्यान राहील इतकाच दिला गेला. भरपूर ऑक्सिजन मिळालेल्यांत सुमारे 9 टक्के मृत्यू झाले, मोजून मिळालेल्यांत सुमारे 4 टक्के. जीव वाचवण्यासाठी दिलेली गोष्टही बेताने द्यावी लागते, हा यातला धडा.

तिसरे उदाहरण बोटाला लावायच्या पल्स ऑक्सिमीटरचे. करोनाच्या साथीत तो आपल्या घरोघरी आला. 2020 च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेतील संशोधकांनी दाखवून दिले की, यंत्र समाधानकारक आकडा दाखवत असताना रक्तात प्रत्यक्ष ऑक्सिजन कमी असण्याचे प्रमाण कृष्णवर्णीय रुग्णांत गोऱ्या रुग्णांच्या जवळजवळ तिप्पट होते. त्वचेचा गडद रंग यंत्राला चकवतो. सावळ्या वर्णाच्या आपल्या लोकांनीही हे लक्षात ठेवायला हवे. ज्या तज्ज्ञाला ही गोष्ट ठाऊक आहे तो केवळ आकड्यावर विसंबत नाही. रुग्णाचा चेहरा, श्वासाची गती आणि बोलताना लागणारा दम हेही पाहतो.

तास भरले म्हणजे ज्ञान आले का?

येथे प्रामाणिकपणे एक गोष्ट कबूल करायला हवी. व्याख्यानाला हजर राहणे आणि शिकणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. मुदत संपत आली की घाईघाईने संगणकावरचे पाठ उरकणारेही असतात. मागच्या बाकावर डुलकी काढणाऱ्यालाही प्रमाणपत्र मिळतेच.

हा दोष ओळखून राष्ट्रीय परीक्षा घेणाऱ्या मंडळाने निराळा मार्ग काढला. 1 जुलै 2002 नंतर मिळालेल्या पदव्या दर पाच वर्षांनी टिकवून घ्याव्या लागतात. त्यासाठी आता दर तिमाहीला थोडे प्रश्न पाठवले जातात. उत्तरे चांगली आली तर पाच वर्षांत लागणारे 30 तासांचे शिक्षण कमी होते, अगदी शून्यावरही येते; उत्तरे चुकत गेली तर तास भरावे लागतात. कुठे कच्चे आहोत हे त्या व्यक्तीलाही कळते. राज्याच्या परवान्याचे तास मात्र याहून वेगळे राहतात. ही पद्धत परिपूर्ण आहे असे नाही. पण बसलेले तास मोजण्यापेक्षा आलेली उत्तरे तपासणे शहाणपणाचे, एवढे खरे.

आपल्याकडची स्थिती

महाराष्ट्रातील डॉक्टरांना महाराष्ट्र वैद्यक परिषदेची नोंदणी टिकवण्यासाठी पाच वर्षांत 30 गुणांचे निरंतर शिक्षण घ्यावे लागते. म्हणजे ही कल्पना आपल्याला परकी नाही. डॉक्टर आणि परिचारिका यांच्याखेरीज आरोग्यसेवेत काम करणाऱ्या व्यावसायिकांसाठी संसदेने 2021 मध्ये राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. त्यात नोंदणीची आणि शिक्षणाच्या समान दर्जाची तरतूद आहे.

तरीही आपल्या गावात घरी ऑक्सिजनचे यंत्र आले, तर ते लावून देणारा बहुधा यंत्र भाड्याने देणाऱ्या दुकानाचा माणूस असतो. तो कष्टाळू असेल, स्वभावाने चांगलाही असेल. पण किती लिटर ऑक्सिजन द्यायचा हे ठरवणे त्याचे काम नाही. ते डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलेले असले पाहिजे.

आपण काय विचारावे?

प्रश्न विचारणे म्हणजे अविश्वास दाखवणे, हा संकोच आधी सोडून द्या. चांगल्या तज्ज्ञाला असे प्रश्न आवडतात.

अमेरिकेत असाल तर राज्याच्या मंडळाच्या संकेतस्थळावर नाव घालून परवाना चालू आहे की नाही, हे विनामूल्य पाहता येते. आपल्याला जमत नसेल तर नातवाला सांगा. त्याला दोन मिनिटे लागतील.

कुठेही असलात तरी हे चार प्रश्न विचारा. माझ्यासाठी ऑक्सिजनचे प्रमाण कोणत्या दोन आकड्यांच्या मधे असावे? आकडा त्याखाली गेला तर मी काय करावे आणि वर गेला तर काय? हा इनहेलर मी तुमच्यासमोर घेऊन दाखवतो, चुकतो आहे का ते सांगाल? आणि चौथा : या उपचारात अलीकडे काही बदलले आहे का? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ऐकताना आपल्याला बरेच काही कळेल.

घरातला अभ्यास

हा नियम परवानाधारकांसाठी असला, तरी घरी रुग्णाची काळजी घेणाऱ्या सूनबाई, लेक, जोडीदार यांनाही तो उपयोगी पडेल. रुग्णालयातून निघताना दहा मिनिटांत शिकवलेली गोष्ट सहा महिन्यांनी तशीच्या तशी लक्षात राहत नाही. इनहेलरची पद्धत नकळत बिघडत जाते. म्हणून डॉक्टरांच्या प्रत्येक भेटीला इनहेलर सोबत न्या आणि त्यांच्यासमोर घेऊन दाखवा.

दाबून फवारा सोडायचा इनहेलर हलवून घ्यावा, श्वास पूर्ण सोडावा, मग फवाऱ्याबरोबर सावकाश खोल श्वास घेऊन सुमारे दहा सेकंद धरून ठेवावा. कोरड्या पावडरीचा इनहेलर मात्र जोराने ओढावा लागतो. या दोहोंची गल्लत झाली की औषध घशातच राहते. स्टेरॉइड असलेल्या इनहेलरनंतर खळखळून चूळ भरावी.

ऑक्सिजन सुरू असताना समई, निरांजन, उदबत्ती आणि गॅसची शेगडी यांपासून किमान पाच-सहा फूट दूर राहावे. विडी-सिगारेट तर घरातच नको. पल्स ऑक्सिमीटर लावण्यापूर्वी बोटे गरम करावीत, नखांवरचा गडद रंग काढावा आणि आकडा स्थिर होईपर्यंत थांबावे. सकाळी डोके दुखणे, नेहमीपेक्षा जास्त झोप येणे, बोलण्यात गोंधळ होणे ही लक्षणे दिसली तर ऑक्सिजन आपल्या मनाने वाढवू नये. ताबडतोब डॉक्टरांना कळवावे. त्याच वेळी मनाने बंदही करू नये.

एका वहीत तारीख, आकडा, लक्षणे आणि विचारायचे प्रश्न लिहून ठेवा. पुढच्या वेळी ती तरुणी यंत्र तपासायला येईल, तेव्हा वही तिच्यापुढे ठेवा आणि आजोबांना इनहेलर घेऊन दाखवायला सांगा. तिचा अभ्यास ताजा असेल, तर ती आधी आजोबांकडे पाहील आणि मग यंत्राकडे.